१७ ऑक्टोबर २००९ : एसएमएस – १२८ रुपये

अर्धाचहा
शनिवार, २२:४२

माळा आवरताना बाबांच्या खर्चाच्या डायऱ्या सापडल्या. बाबा जाऊन चार वर्षं झाली. हिशेब ते पैशापर्यंत लिहायचे. दूध, पेपर, गिरणी, 'रद्दी जमा ३१'. वाचत बसलो आणि आवरायचं राहिलं ते राहिलंच.

२००९ च्या डायरीत दोन नोंदी लागोपाठ आहेत.

१६ ऑक्टोबर : एसएमएस पॅक – २५
१७ ऑक्टोबर (लक्ष्मीपूजन) : एसएमएस – १२८

दुसऱ्या नोंदीखाली लाल शाईच्या दोन रेघा आणि पुढे एकच शब्द, 'विचारणे'. मागच्या पानावर नातेवाइकांची आणि ऑफिसातल्या लोकांची ६४ नावं, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. म्हणजे शुभेच्छा पाठवल्या की नाव मारत गेले.

तो दिवस मला आठवतो. पूजेची मांडणी अर्धी टाकून बाबा खुर्चीत बसून होते आणि फोन कानाला लावून कस्टमर केअरचं संगीत ऐकत होते. मराठीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा. शेवटी आईनं 'मुहूर्त टळेल' म्हणून उठवलं. पॅक घेऊनही पैसे कापले गेले याचा त्यांना फार राग आला होता. रकमेपेक्षा हिशेब लागत नाही याचाच जास्त असावा.

आता माझा प्रश्न. आदल्या दिवशी पॅक घेतला होता, तरी पैसे का गेले? आणि ६४ जणांना १२८, म्हणजे माणशी दोन रुपये, हा कुठला दर? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या काळी सगळ्या एकाच माळेचे मणी होत्या. कुणाला उलगडलं तर सांगा. पंधरा वर्षांची 'विचारणे' ही नोंद मला खोडायची आहे.

---

सदूभाऊ
शनिवार, २३:०५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ब्लॅकआऊट डे!

आजच्या पोरांना हे सांगूनही खरं वाटत नाही. तेव्हा एसएमएसचा पॅक मारला की रोज अमुक फुकट नाहीतर पाच-दहा पैशांत जायचे. पण सणावाराला तो पॅक झोपायचा. दिवाळी, ३१ डिसेंबर, १ जानेवारी, व्हॅलेंटाईन डे. म्हणजे ज्या दिवशी माणसाला खरोखर एसएमएस पाठवायचे असतात, नेमके तेच दिवस. त्या दिवशी मूळ दर लागायचा, स्थानिक एसएमएसला १ रुपया. पॅकच्या जाहिरातीत तारका असायची आणि तारकेखाली मुंगीच्या अक्षरात हे लिहिलेलं असायचं.

पुढे ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, वेसण घातली. वर्षाला जास्तीत जास्त पाच ब्लॅकआऊट दिवस, तेही आधी जाहीर केलेले, मध्येच वाढवायचे नाहीत. पण मुळात ही पद्धत चालू का दिली, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. छत्रीवाल्यानं पावसाच्या दिवशी छत्री उघडणार नाही म्हणावं तसलं हे.

---

रंकाळा_काठ
शनिवार, २३:११

आम्ही पोरं लई बेरकी होतो भावा. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्रीच सगळ्यांना 'ॲडव्हान्समध्ये' शुभेच्छा मारून मोकळे. रात्री अकरा पन्नासला अख्खं हॉस्टेल बटणं बडवत बसलेलं असायचं. बारा वाजले की जो जिथं आहे तिथं थांबला. उरलेल्या पाहुण्यांना डायरेक्ट भाऊबीजेनंतर.

---

अर्धाचहा
शनिवार, २३:२०

धन्यवाद सदूभाऊ. पॅकचं कोडं सुटलं. पण १ रुपयाच्या दरानं ६४ व्हायला हवेत. वरचे ६४ कुठून आले?

---

हिशेबनीस
रविवार, ०७:३०

एसटीडी धरून बघा. टेलिकॉमच्या नकाशात मुंबई हे वेगळं सर्कल आहे आणि महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. म्हणजे सांगलीहून ठाण्याच्या मावशीला पाठवलेला एसएमएस कंपनीच्या लेखी परप्रांतात जायचा. बाहेरच्या सर्कलला तेव्हा दीड रुपया होता.

पण मीच लिहिता लिहिता गणित केलं. सगळे ६४ बाहेरचे धरले तरी ९६ होतात. १२८ काही होत नाहीत. राहू दे, सकाळी सकाळी डोकं चाललं नाही. चहा घेऊन येतो.

---

म्हापशेकर
रविवार, ०८:०२

गोवा महाराष्ट्राच्या सर्कलात आहे हे वाचून आमच्या घरात दर वेळी वाद होतो. त्यामुळे पुण्याच्या बहिणीला लोकल आणि कारवारच्या काकांना एसटीडी. कारवार आमच्यापासून किती लांब आहे ते नकाशात बघा. बाकी चालू द्या.

---

टॉवरवाला
रविवार, ११:१५

अर्धाचहा, बाबांनी पाठवलेला मजकूर डायरीत आहे का? असेल तर जसाच्या तसा इथे द्या, टिंब आणि रेघेसकट. मराठीत होता की इंग्रजीत तेही सांगा. मला एक संशय आहे.

---

अर्धाचहा
रविवार, ११:४०

आहे! नावांच्या यादीच्या वर कच्चा मसुदा आहे. बाबांच्या साध्या फोनात मराठी टंकायची सोय होती आणि 'आपल्या भाषेत पाठवायचं' हा त्यांचा हट्ट होता. मजकूर असा :

आपणांस व आपल्या कुटुंबीयांस दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा - सौ. व श्री. कुलकर्णी

एवढंच. जेमतेम दीड ओळ.

---

टॉवरवाला
रविवार, १२:२५

सापडला चोर.

एसएमएसला १४० बाइटची जागा असते. रोमन लिपीत एक अक्षर सात बिटांत बसतं, म्हणून १४० बाइटमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरी त्या सात बिटांच्या तक्त्यात नाही. मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर आलं की अख्खा एसएमएस दुसऱ्या पद्धतीनं बांधला जातो आणि त्यात प्रत्येक अक्षराला दोन बाइट. १४० भागिले २, म्हणजे ७० अक्षरं. सत्तराच्या पुढे गेलात की एसएमएसचे दोन तुकडे होतात. तुकडे जोडायची माहितीही त्याच जागेत भरावी लागते, म्हणून तेव्हा एका तुकड्यात ६७ च अक्षरं राहतात. वाचणाऱ्याच्या फोनवर दोन्ही तुकडे चिकटून एकच संदेश दिसतो. पैसे मात्र दोन एसएमएसचे.

आणि 'अक्षर' म्हणजे आपण शाळेत शिकलो ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळं सुटं मोजलं जातं. 'श्री' आपल्याला एक दिसतं. यंत्राला ते श, हलन्त, र, दुसरी वेलांटी असे चार दिसतात.

आता बाबांचा संदेश बोटावर मोजा. 'शुभेच्छा'पर्यंत मधल्या जागा धरून ५५ होतात. पुढची रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा ३, एकूण ५८. 'सौ. व श्री. कुलकर्णी' २०. बेरीज ७८.

सत्तराच्या वर आठ. दोन तुकडे. ६४ जण, दोन तुकडे, रुपया दर, १२८. तुमच्या बाबांचा हिशेब पैशापर्यंत बरोबर होता.

त्या फोनांत टंकताना वरच्या कोपऱ्यात दोन आकडे असायचे. एक उरलेल्या अक्षरांचा आणि तिरप्या रेघेपुढे तुकड्यांचा. सत्तर ओलांडले की १ चा २ व्हायचा. तेवढीच सूचना. तो २ म्हणजे दुप्पट पैसे, हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळावं?

---

अर्धाचहा
रविवार, १२:४१

मी आत्ता जेवणाच्या ताटावर बसून बोटं मोजली. ७८. आईला हाक मारली. सविस्तर नंतर लिहितो.

---

पानसुपारी
रविवार, १३:१०

म्हणजे 'हॅपी दिवाली' रोमनमध्ये पाठवणाऱ्याला एक रुपया आणि मराठीत शुभेच्छा देणाऱ्याला दोन. मराठी भाषा गौरव दिनाला फलक लावणाऱ्यांपैकी कुणी हा मुद्दा उचललेला मला तरी आठवत नाही.

१६० हा आकडा कुठून आला त्याची गोष्टही मजेदार आहे. १९८५ मध्ये जर्मनीत बॉन इथे फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी टंकयंत्रावर सहज सुचतील ती वाक्यं टंकून त्यांची अक्षरं मोजली. बहुतेक वाक्यं १६० च्या आत बसली. झालं, ठरलं. त्यांनी 'आपणांस व आपल्या कुटुंबीयांस' टंकून बघितलं असतं तर?

---

टॉवरवाला
रविवार, १३:३३

त्यांचा दोष नाही हो, जागाच तेवढी होती. पुढे तुर्कीसाठी वेगळा अक्षरतक्ता मानकात आला. भारतीय भाषांसाठीही तक्ते आले, त्यात हिंदीचा आहे. ते वापरले असते तर देवनागरी संदेशही दीडशेच्या आसपास गेला असता. पण माझ्या हातून शेकडो हँडसेट गेले, एकातही ते चालू असलेले बघितले नाहीत.

---

न्यूजर्सीची_सुमा
रविवार, १९:०४

इकडची गंमत ऐका. २००८ मध्ये मी इथे नवी होते. एका टेक्स्टला २० सेंट, आणि ते पाठवणाऱ्याला तर लागायचेच, घेणाऱ्यालाही लागायचे! भारतातून चुलतभावानं विनोद पाठवला की माझे पैसे जायचे, तेही मी आधीच ऐकलेल्या विनोदासाठी. २००५ मध्ये हाच दर १० सेंट होता. तीन वर्षांत चारही मोठ्या कंपन्यांचे दर दुप्पट झाले, म्हणून सिनेटर हर्ब कोल यांनी त्यांना पत्र लिहून कारण विचारलं होतं.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठाच्या नायजेल बॅनिस्टर यांनी हिशेब मांडला होता. एसएमएसला ५ पेन्स धरले तर एका एमबीला सुमारे ३७४ पौंड पडतात. हबल दुर्बिणीकडून अवकाशातून माहिती खाली आणायला लागणाऱ्या खर्चाच्या हे किमान चौपट.

---

हिशेबनीस
रविवार, १९:४०

चहा घेऊन आलो. (संध्याकाळचा.)

सुमाताईंचा हिशेब आपल्याला लावतो. १ रुपयाला १४० बाइट. एका एमबीत असे ७,४९० एसएमएस. म्हणजे एमबीला ७,४९० रुपये. त्या दरानं १ जीबी घेतला तर पाऊण कोटीच्या वर जातो. आमचा चिरंजीव रोज रात्री जेवताना तेवढं क्रिकेट बघतो.

---

टॉवरवाला
रविवार, २०:१५

थोडी कंपन्यांची बाजू मांडतो. मी त्यांच्यात नोकरी केली आहे, दगड हळू मारा.

एसएमएस संभाषणाच्या वाटेनं जात नाही. फोन आणि टॉवर एकमेकांशी कामाचं बोलायला जी वाट वापरतात, म्हणजे 'कॉल आलाय, घंटी वाजव' असल्या निरोपांची, तिच्यावरून तो जातो. ती वाट कॉलसाठी लागतेच, एसएमएस नसले तरी. म्हणून एरवी एका एसएमएसचा खर्च शून्याच्या जवळ. पण ३१ डिसेंबरला रात्री बाराला ती वाट खरंच तुंबायची आणि तुंबली की कॉलही लागत नसत. ब्लॅकआऊटमागे तेवढं एक खरं कारण होतं.

पण तेवढंच! गर्दी आवरायची तर रात्री अकरा ते एक दर वाढवा, दिवसभर कशाला? शिवाय व्हॅलेंटाईन डेला आमच्या टॉवरवर कधी लोड आलेला मला आठवत नाही. सांगलीत तरी.

खरी गोम दुसरीकडे आहे. २००९ हे कॉलचे दर कोसळल्याचं वर्ष. टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा काढला आणि बाकीच्यांना मागे जावं लागलं. म्हणजे मिनिटभर बोलायला ६० पैसे आणि दीड ओळ लिहायला १ रुपया. (डोकोमोनं तेव्हाच अक्षरागणिक पैसे घेणारा 'डाएट एसएमएस'ही काढला होता. त्यात काना-मात्रा मोजल्या असत्या तर मराठी माणूस भिकेला लागला असता.) कॉलमध्ये स्पर्धा होती म्हणून दर पडला. एसएमएसकडे बघून कुणी कंपनी बदलत नव्हतं, म्हणून तो तसाच राहिला. कंपन्यांनी एकमेकांना द्यायचं एसएमएसचं शुल्क ट्रायनं २०१३ मध्ये ठरवलं ते २ पैसे. यावरून काय ते समजा.

---

सदूभाऊ
रविवार, २०:५०

टॉवरवाले, दगड नाही, हार घालतो.

रोमिंगचंही तेच. दुसऱ्या सर्कलात गेलं की स्थानिक एसएमएसला १ रुपया. ट्रायनं मे २०१५ पासून कमाल मर्यादा केली २५ पैसे, एसटीडीला दीड रुपयाची ३८ पैसे. एका रात्रीत पाऊण दर गेला आणि कुठली कंपनी त्यानं बुडाली नाही.

रच्याकने, टीव्हीवरच्या मतांचे एसएमएस विसरू नका. २००७ च्या 'कौन बनेगा करोडपती'त प्रेक्षकांसाठी स्पर्धा होती, एका उत्तराच्या एसएमएसला २ रुपये ४० पैसे. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये स्टार इंडिया आणि एअरटेल यांना १ कोटीचा दंड केला. बक्षिसाचा खर्च एसएमएसमधून निघत असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. पण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला, पुरावा पुरेसा नाही म्हणून. तेव्हा कंपन्यांना सरसकट चोर म्हणता येत नाही, म्हणावंसं वाटलं तरी.

---

रंकाळा_काठ
रविवार, २१:३०

आणि २०११ ची ती १०० ची भानगड? २७ सप्टेंबर २०११ पासून एका सिमवरून दिवसाला १०० च एसएमएस. कारण जाहिरातवाल्यांचा त्रास. ढेकणासाठी घर जाळलं की राव. १ नोव्हेंबरला २०० केले. पुढल्या जुलैत दिल्ली उच्च न्यायालयानं खासगी एसएमएसवरची मर्यादा उडवली. तर नोव्हेंबर २०१२ मध्ये ट्रायनं म्हटलं, बरं, पाठवा कितीही, पण सवलतीच्या दरात रोज १०० च, पुढच्या प्रत्येकाला किमान ५० पैसे. तो ५० पैशांचा नियम २०२० पर्यंत जिवंत होता. मेल्याची बातमी कुणी वाचलीसुद्धा नसेल, तोवर सगळे व्हॉट्सॲपवर.

माझं लग्न त्या २०० वाल्या काळात ठरलं. दिवसाचा कोटा दुपारी चारला संपायचा. घरचे म्हणायचे, पोरगा संध्याकाळी शांत असतो.

---

वसुलीवाली
सोमवार, १०:२०

इतके दिवस नुसती वाचत होते. टॉवरवाल्यांच्या ७० वरून लिहावंसं वाटलं, कारण ते ७० माझ्या टेबलावर आजही रोज येतात.

मी एका लहान पतसंस्थेत आहे. हप्ता आला, हप्ता चुकला, ठेव मुदत संपली, असे एसएमएस सभासदांना जातात. २०२१ पासून त्यासाठी डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या ऑनलाइन नोंदवहीवर, नोंदणी लागते. संस्थेची नोंदणी, हेडर म्हणजे एसएमएस पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारं नाव, आणि प्रत्येक मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यायचा. साच्याबाहेर एक शब्द गेला की एसएमएस वाटेतच अडतो. ८ मार्च २०२१ ला ही चाळण पहिल्यांदा लागली तेव्हा देशभर बँकांचे ओटीपीच अडकले आणि ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली. आमच्या काउंटरवर त्या दिवशी जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर साचा करताना मी शुद्ध मराठीत लिहिला. 'आपल्या कर्ज खात्याचा हप्ता'पासून सुरुवात करून संस्थेच्या नावापर्यंत आले तर तीन तुकडे झाले. ठोक एसएमएसचा दर पैशांत असतो, पण तो तुकड्यागणिक. साडेचार हजार सभासद गुणिले तीन. चेअरमन साहेबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, 'ताई, हेच इंग्रजी लिपीत टाका.' मराठीच, पण रोमन अक्षरांत. एका एसएमएसमध्ये बसलं. तेव्हापासून तसंच जातं.

आमचे निम्मे सभासद भाजीवाले, गवंडी, घरकाम करणाऱ्या बायका. देवनागरी अडखळत का होईना वाचतात. रोमन नाही. एक मावशी दर महिन्याला फोन घेऊन काउंटरवर येतात, 'यात काय लिवलंय बघ गं' म्हणून. हप्ता भरल्याचा एसएमएस असतो. रिक्षाचे येऊन-जाऊन चाळीस रुपये घालवतात, संस्थेचे पैसे वाचावेत म्हणून.

---

पानसुपारी
सोमवार, १०:४८

वसुलीवाली, हे वाचून गप्प बसलो. साचा लहान करून ७० मध्ये बसवता येईल का? 'हप्ता रु. ५०० जमा. बाकी रु. १२०००.' एवढं पुरे. 'आपल्या' आणि 'धन्यवाद' काढून टाका. मदत हवी तर इथे टाका, मोजायला आता बरेच जण शिकलेत.

---

वसुलीवाली
सोमवार, ११:३०

संस्थेचं नावच २९ अक्षरांचं आहे हो. कुणा थोर पुरुषाच्या नावाची संस्था काढताना हा विचार कुणी करत नाही. पण 'धन्यवाद' काढून बघते, मधल्या जागेसकट आठ अक्षरं वाचतील.

---

हिशेबनीस
सोमवार, १३:००

अर्धाचहा, आईंचा आताचा फोन कुठला? साधा असेल तर त्या अजूनही एसएमएसचे पैसे जास्त मोजत असतील. बऱ्याच स्वस्त पॅकमध्ये जाणारे एसएमएस नसतातच. ते हवेत तर रोजच्या डेटाचा पॅक घ्यावा लागायचा. कहर म्हणजे नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा तर १९०० वर एसएमएस करावा लागतो, आणि पॅकमध्ये एसएमएसच नसायचा! डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायला लेखी सांगावं लागलं की १९०० ला कुठल्याही पॅकवरून एसएमएस जाऊ द्या.

डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं बंधनकारक आहे. जानेवारी २०२५ मध्ये आले ते साधारण ८४ दिवसांना ९०० ते १००० एसएमएस किंवा वर्षाला ३६०० असे होते. दुकानदार आपणहून दाखवत नाही, मागावे लागतात.

---

अर्धाचहा
सोमवार, २१:१५

हिशेबनीस, बरोबर ओळखलंत. आईचा बटणांचा फोन आहे आणि गेली दोन वर्षं मी तिला रोज दीड जीबीचा पॅक मारतोय. तिनं त्यातला एक केबीही बघितलेला नाही. उद्याच बदलतो.

काल तिला सगळं समजावलं. डायरी पुढ्यात घेऊन तिनं स्वतः मोजलं, पेन्सिलीनं प्रत्येक काना-मात्रेवर टिंब देत. ७८ आल्यावर म्हणाली, 'माझं सौ. घातलं म्हणून वाढलं का?' मी म्हटलं मोजून बघू. नुसतं 'श्री. कुलकर्णी' ठेवलं. ७२ आले. तरीही दोन रुपयेच.

मग तिनं नुसतं 'सौ. कुलकर्णी' लिहून मोजलं. एकदा, दोनदा. बरोबर ७०.

पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, 'मीच पाठवायला हवे होते.' आणि 'विचारणे'वर काट मारली.